मोरे जेवला का?

हॉस्टेलवर घरून फोन आला की आई पहिला प्रश्न काय विचारते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. सगळ्यांच्या आया तोच विचारतात. फरक एवढाच की त्याचं उत्तर दिल्यावर मी उलट विचारतो, "आणि मोरे जेवला का?" फर्स्ट इयरला माझ्या रूम पार्टनरचा महिनाभर असा समज होता की आमच्याकडे मोरे नावाचे कुणी वयस्कर काका अंथरुणाला खिळून आहेत. एकदा रात्री लाईट घालवल्यावर अगदी हळू आवाजात म्हणाला, "बरेच दिवस झाले का रे त्यांना?" मी म्हटलं, "ऑक्टोबर २०२२ पासून. चार फुटी काचेच्या टाकीत आहेत." पुढचे दोन दिवस तो माझ्याशी जरा जपूनच बोलत होता.

तर खुलासा. मोरे हा मासा आहे. इंग्रजीत त्याला मोरे ईलच म्हणतात, आडनाव आम्ही लावलेलं नाही. बाजारात वाम म्हणून जो सापासारखा लांबडा मासा येतो, त्याच्या दूरच्या भाऊबंदांपैकी. आमचा आहे तो स्नोफ्लेक मोरे. पांढुरकं अंग, त्यावर काळ्या शाईचे डाग उडाल्यासारखी नक्षी, मधूनमधून पिवळे ठिपके. नाकपुड्या दोन बारीक पिवळ्या नळ्यांसारख्या पुढे आलेल्या. अंगावर खवले नाहीत, छातीशी पर नाहीत, सगळीकडे बुळबुळीत थर. दिसतं त्याला बेताचंच, सगळा कारभार वासावर. आणि तोंड सदैव उघड-मीट, उघड-मीट. आमची मावशी पहिल्यांदा बघून म्हणाली, "हा शिव्या देतोय की काय?" शिव्या नाही, तो श्वास घेतो. तोंडाने पाणी आत ओढून कल्ल्यांवरून बाहेर सोडायचं, म्हणून तोंड मिटून बसणं त्याला परवडत नाही. हे मी आजवर किमान शंभर पाहुण्यांना सांगितलं असेल. त्यातल्या नव्वदांनी "हो का" म्हणून खुर्ची मागे सरकवली.

या वेडाची सुरुवात झाली ती तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ सालचं ते मत्स्यालय नूतनीकरण होऊन २०१५ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा मी चौथीत. डोक्यावरून मासे जाणारा तो काचेसारखा बोगदा बघून मी तिथेच बसकण मारली होती. बाबांनी उचलून बाहेर आणलं. पुढे ते मत्स्यालय बंद पडलं, पण माझ्या डोक्यातला बोगदा काही बंद झाला नाही. दहावीला ठरलेल्या टक्क्यांच्या वर गेलास तर टाकी, असा तह झाला आणि २०२२ च्या जूनमध्ये, मंडळाच्या कृपेने, पिताश्रींना शब्द पाळावा लागला.

शब्द पाळण्याआधी त्यांनी हिशेब केला. टाकी १२० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ २४३ लिटर. पाणी, दगड, काच आणि लोखंडी स्टँड धरून तीनशे किलोच्या वर. आमचं घर डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर. त्यामुळे टाकी हॉलच्या मधे न ठेवता भिंतीला लागून, बीमच्या वर बसली. मी आज सिव्हिलला नाही, पण लोड कुठून कुठे जातो हे पहिल्यांदा बाबांनीच कागदावर काढून दाखवलं होतं.

गोड्या पाण्याचे मासे पाळणारे आपल्यात बरेच असतील. त्यांना सांगतो, खाऱ्या पाण्यात मासा ही शेवटची गोष्ट. आधी पाणी पाळायचं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे आमच्या टाकीला आठ किलोच्या आसपास मीठ, आणि तेही स्वयंपाकातलं नाही, वेगळं मिळतं ते. मग ते पाणी नुसतं फिरवत ठेवायचं. माशाची विष्ठा आणि उरलेलं अन्न यातून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचा नायट्राईट करतात, तोही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचा नायट्रेट करतात, तो त्यामानाने सोसवतो आणि पाणी बदललं की कमी होतो. हे जिवाणू दगडांवर आणि फिल्टरमध्ये वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. तोपर्यंत मासा टाकायचा नाही. आमच्या मेसमधली ताटं घासणारी माणसं आधी नेमून मगच पोरं भरती करायची, तसं. (इथे उलट झालं होतं हा वेगळा विषय.)

दगड मी कोरडे घेतले. कुणीतरी "प्रवाळाचे जिवंत दगड टाक, टाकी लवकर तयार होते" असा सल्ला दिला होता. पण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळांना संरक्षण आहे, त्यांना हात लावायचा नाही. त्यामुळे सहा आठवडे आमच्या हॉलमध्ये झगझगीत दिव्याखाली तीनशे किलोची एक टाकी आणि तिच्यात नुसते दगड. येणारा-जाणारा विचारायचा, "मासा कुठाय?" आई म्हणायची, "शिक्षण चालू आहे त्याचं."

पुढे दोन काळे डॅमसेल आले, आणि दिवाळीच्या आसपास क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानात मला मोरे दिसला. वीत-सव्वा वीत लांब. एका नळीतून डोकं बाहेर काढून तोंड उघड-मीट करत बघत होता. मी शनिवारचा क्लास बुडवून गेलो होतो. दोन पिशव्या एकात एक, त्यात पाणी, वर हवा, पिशवी झाकणाच्या बादलीत, आणि बादली मांडीवर घेऊन सीएसएमटीहून डोंबिवली फास्ट. दादरला शेजारी एक काका बसले. बादलीत काय आहे विचारलं. मी सोपं म्हणून "वाम" सांगितलं. कितीला पडली म्हणाले. मी खरा आकडा सांगितला. काकांनी माझ्याकडे, मग बादलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्यात पापलेट आलं असतं रे घरभर." ठाण्यापर्यंत ते आणखी दोघांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते.

आई मूळची मालवणकडची. तिच्या माहेरी वामेचं तिखलं होतं, वाम पाळत नाहीत. तिने पिशवीत डोकावून पाहिलं आणि एकच वाक्य बोलली, "माझ्या किचनमध्ये याचं काहीएक येता कामा नये."

आल्यावर मोरेने काय केलं? काही नाही. प्लंबरकडून दोन इंची पाइपाचे तुकडे आणि एक टी-जॉइंट आणून मी दगडांत बसवला होता, त्यात शिरला आणि सोळा दिवस जेवला नाही. मी चिमट्याने कोळंबी नाकासमोर धरायचो, तो मागे सरकायचा. ही जात नव्या जागी असा उपास करते हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. रात्री दोनला उठून टॉर्च मारून बघायचो. सतराव्या दिवशी तो आला, कोळंबी धरली आणि एका झटक्यात गिळली. आरडाओरडा करून मी सगळ्यांना उठवलं.

गिळणं हा प्रकार बघण्यासारखा असतो. इतर बरेच मासे तोंड उघडून पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढतात. मोरेला ते नीट जमत नाही. त्याच्या घशात दुसरा जबडा असतो, दातांसकट. पुढच्या जबड्याने धरलं की मागचा जबडा घशातून पुढे येतो, भक्ष्य पकडतो आणि आत ओढून नेतो. रिटा मेहता आणि पीटर वेनराईट या शास्त्रज्ञांनी २००७ साली 'नेचर'मध्ये हे दाखवून दिलं. मी जेवताना हे सांगितलं तेव्हा बाबांनी घास खाली ठेवला. स्नोफ्लेकचे दात मात्र बोथट, खेकडे-कोळंबी फोडायला केलेले, त्यामुळे त्याने डॅमसेलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांच्यासोबत मी हौसेने एक लाल-पांढरी क्लीनर श्रिंप टाकली होती. ती एक रात्र राहिली.

किचनचं म्हणाल, तर दोन महिन्यांत फ्रीझरमध्ये एक डबी आली आणि तिच्यावर आईच्या अक्षरात "मोरे". कोळीण मावशीकडे आई आमच्यासाठी पाव किलो घ्यायची आणि वर, "चार कोळंब्या वेगळ्या दे, एक कुर्लीचा पाय दे, एखादं माकुल." नुसती कोळंबी देऊन चालत नाही, कारण तिच्यात असं एक एन्झाइम असतं की त्याने ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार मोडतो, आणि रोज तेच दिलं तर मासा आजारी पडतो. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे रोज एकच भाजी चालत नाही. एवढं सांगायला पुस्तक कशाला लागतं?"

आमच्या खालच्या मजल्यावर खरोखरच एक मोरे काका राहतात. आई टाकीपाशी उभी राहून "मोरे, गिळा आता, नाटकं पुरे" असं म्हणायची तेव्हा खिडक्या उघड्या असायच्या. काका सज्जन म्हणून निभावलं.

मग बारावी, सीईटी, कॅप राउंड, आणि २०२४ मध्ये मी इथे, घरापासून पाच तासांवर. निघताना मी आईसाठी चौदा पानांचं मॅन्युअल लिहून ठेवलं. आकृत्यांसकट. ते तिने बहुधा उघडलंही नाही. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅस आणि दुधाच्या नोंदींशेजारी बुधवार-रविवार "मो" असं लिहून टाकलं. सोमवार-गुरुवारी ती मासळीला हात लावत नाही, त्यामुळे आमचा मोरेही सोमवार-गुरुवार पाळतो. आठवड्यातून दोनदा खाणं त्याला पुरतं. व्यवस्था उत्तम चालली होती, आणि चालली होती म्हणूनच मी तिच्यात सुधारणा करायला गेलो.

इथून पुढचं जरा सावकाश सांगतो, कारण मला ते सांगायचंच होतं.

खाऱ्या टाकीतून पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणजे रोज गोडं पाणी घालून पातळी भरून काढावी लागते, नाहीतर खारटपणा चढत जातो. आमच्याकडे हे दिवसाला दीड-दोन लिटर. आई आरओचं पाणी ओतायची. मला वाटलं, मी इंजिनिअरिंगला आणि माझी आई तांब्याने पाणी ओतते? दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा फ्लोट स्विच, रिले, एक छोटा पंप आणि वीस लिटरचा कॅन असं जुगाड जमवलं. पातळी उतरली की स्विच मिटणार, पंप चालणार, पातळी आली की बंद. आर्डुइनोवर कोड लिहिला, एक एलईडीही लावला, हिरवा. बाबांना डेमो दिला. बाबा खूश.

पाइप आणि स्विचची वायर आत घ्यायला झाकणाला भोक हवं होतं. मोरेच्या टाकीला झाकण ही चैनीची गोष्ट नाही. ही जात पळण्यासाठी प्रसिद्ध आहे. आमचं झाकण अ‍ॅक्रिलिकच्या चौकटीत जाळी बसवून केलेलं, वर चार फरशांचे तुकडे वजनाला. चौकटीच्या कोपऱ्यात मी चार सेंटिमीटरचं भोक पाडलं. पाइप तसा बारीक होता, पण फ्लोट स्विचचा कनेक्टर मोठा, तो न कापता घालायचा तर चार सेंटिमीटर हवेच. उरलेल्या फटीत स्पंज कोंबला. कनेक्टर कापून परत सोल्डर करायला पंधरा मिनिटं लागली असती. माझी संध्याकाळची गाडी होती.

१८ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी अकराला बेसिक इलेक्ट्रॉनिक्सची ओरल. पाच चाळीसला फोन वाजला. एवढ्या सकाळी घरून फोन आला की हॉस्टेलवरचा कुठलाही मुलगा एकच विचार करतो. मीही तोच केला. आई म्हणाली, "घाबरू नको. मोरे बाहेर पडला होता."

झालं होतं असं. फ्लोट स्विचवर मिठाची पुटं चढली आणि तो अडकला. पाणी कमी आहे असंच तो सांगत राहिला आणि पंपाने अख्खा कॅन रिकामा केला. वीस लिटर भागिले १२० गुणिले ४५, पावणेचार सेंटिमीटर. एरवी काठापासून चांगलं खाली असणारं पाणी झाकणाच्या जवळ आलं. मोरेचं नाक जाळीला लागलं, मग कोपऱ्याला, मग स्पंजला. जिथून त्याचं डोकं जातं तिथून तो सगळा जातो.

पहाटे सव्वापाचला आमच्याकडे नळाला पाणी येतं. आई उठली, हॉलचा दिवा लावला, तर जमिनीवर ओला पट्टा. पट्टा टीव्हीच्या कपाटापाशी गेला होता आणि तिथे मोरे वेटोळं करून पडला होता, अंगाला धूळ आणि केस चिकटलेले. किती वेळ पडला होता कुणास ठाऊक. तिने बाबांना हाक मारली नाही. मला नंतर म्हणाली, "माहेरी अशी निसटती वाम राखेने धरायचो. हात राखेकडेच जातो आधी. पण राखेने याचं कातडंच गेलं असतं." तिने बाथरूममधला पंचा ओला केला, त्यात त्याला गुंडाळून उचललं. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात आधी त्याला सोडला, धूळ सुटू दिली, मग टाकीत. पंपाचं बटण बंद केलं. भोकावर पोळपाट उलटा ठेवला. आणि मग मला फोन केला.

मी विचारलं, "आहे का?"

"गालफडं हलतायत. पण आडवा पडलाय."

मॅन्युअलच्या चौदा पानांत 'मासा बाहेर पडल्यास' असं पान नव्हतं.

बाबांना उठवून रिफ्रॅक्टोमीटर उजेडाकडे धरायला लावला. एक डोळा मिटून ते म्हणाले, "बत्तीस." पस्तीसचे बत्तीस झाले होते, म्हणजे त्या मानाने थोडक्यात निभावलं. वीस लिटरचाच कॅन होता म्हणून. मूळ योजनेत मी तो पंप थेट मोठ्या ड्रममधून घेणार होतो. मी त्यांना सांगितलं की एकदम मीठ घालू नका, दोन-तीन दिवसांत थोडं थोडं खारं पाणी घालून वर आणा, आणि टाकीचा दिवा लावू नका. मग मी कॉरिडॉरच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. रूम पार्टनर ब्रश तोंडात घेऊन बाहेर आला, माझं तोंड बघून शेजारी बसला. म्हणाला, "काका गेले?" तोवर त्याला सगळं माहीत होतं, पण सवयीने काकाच म्हणायचा. मी काही बोललो नाही, तोही.

ओरलला सरांनी रिले विचारला. नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड यातला फरक सांगा. मी सांगितला. मग म्हणाले, सेन्सर बिघडला तर यंत्रणा कुठल्या बाजूला पडली पाहिजे? मी एवढा वेळ गप्प राहिलो की त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. उत्तर येत नव्हतं असं नाही.

शनिवारी घरी गेलो. मोरे सरळ झाला होता, टी-जॉइंटमध्ये होता, पण पोटाखाली एक पट्टा खरचटलेला आणि रंग फिका. औषध घालावं तर माशांच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं आणि या बिनखवल्यांच्या जातीला ते सोसत नाही. त्यामुळे स्वच्छ पाणी एवढंच औषध. मी निम्मं आयुष्य घालवून केलेलं ते ऑटोमॅटिक जुगाड उतरवलं. भोकाला अ‍ॅक्रिलिकचा चौकोन लावून सहा नायलॉनचे बोल्ट घट्ट केले. मग सुधारित आवृत्ती कशी करता येईल हे आईला समजावू लागलो. दोन स्विच, एक वर सेफ्टीला, पंपाला टायमर, भोक न पाडता काठावरून पाइप. खरोखर चांगली रचना होती. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माका सांगू नको तुझा सायन्स. मी तांब्याने ओतते. तांब्या अडकत नाही." टाकीच्या काचेला तिने पांढऱ्या चिकटपट्टीची खूण केली आहे, तिथपर्यंत रोज सकाळी पाणी. फ्लोट स्विच इथे माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

त्या रात्री तिने मला एक विचारलं. "पण तो बाहेर का आला रे? आत काय कमी होतं?"

मी खारटपणा, पाण्याची पातळी वगैरे सांगितलं. तिचं समाधान झालं नाही, आणि माझंही. मग मी तिला एक शोधनिबंध दाखवला, २०२१ चा, त्याच रिटा मेहतांचा, काईल डोनोहो यांच्याबरोबर केलेला. त्यांनी स्नोफ्लेक मोरेंनाच शिकवलं होतं. पाण्यातून उतारावर चढून यायचं, कोरड्यावर ठेवलेला माकुलाचा तुकडा धरायचा आणि तिथेच, पाण्यात परत न जाता गिळायचा. इतर माशांना गिळायला पाणी लागतं, याला लागत नाही, कारण तो दुसरा जबडा. समुद्रात ओहोटीच्या वेळी ही जात खडकांवर येऊन खेकडे धरते. म्हणजे बाहेर येणं हे त्याच्यासाठी जीव देणं नव्हतं. पलीकडे खेकडा असेल, नाहीतर दुसरं डबकं असेल, असा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. आमच्या हॉलमध्ये फक्त टाइल्स होत्या.

आई बराच वेळ तो व्हिडिओ बघत होती. म्हणाली, "म्हणजे तो घरी निघाला होता."

यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. घरच्या टाकीत यांची पैदास होत नाही. यांची पिल्लं म्हणजे काचेसारखी पारदर्शक पानं, ती उघड्या समुद्रात कित्येक महिने वाहत राहतात, ते कुठल्या टाकीत जमायचं? म्हणजे दुकानात दिसणारा प्रत्येक मोरे समुद्रातून उचललेला. दुकानात बादली मांडीवर घेताना मी हा विचार केला नव्हता. मला तो आवडला, एवढाच विचार होता. सोडून द्यावा म्हटलं तर कुठे? गिरगाव चौपाटीला सोडणं म्हणजे सुटका नव्हे. तो नक्की कुठल्या पाण्यातला हे दुकानदारालाही सांगता आलं नाही, आणि टाकीत राहिलेला मासा कुठला रोग घेऊन समुद्रात जाईल तेही सांगता येत नाही. नीट ठेवला तर ही जात दहा-पंधरा वर्षं सहज जगते. मी इंजिनिअर होईन, नोकरीला लागेन, कुठेतरी भाड्याच्या खोलीत राहीन, आणि तो आमच्या हॉलमध्ये तोंड उघड-मीट करत असेल. जबाबदारी माझी, रोजचा तांब्या आईचा. आता मला कुणी ज्युनिअर विचारतो, "भारी आहे रे, मी पण घेऊ का?", तेव्हा मी त्याला झाकण, मीठ, पाणी सगळं सांगतो आणि शेवटी विचारतो, तू घरी नसताना कोण बघणार? बहुतेकांचा उत्साह तिथे मावळतो. माझाही मावळायला हवा होता.

मोरेने पुन्हा उपास धरला. नोव्हेंबर गेला, डिसेंबर उजाडला. बुधवार-रविवार आई चिमटा घेऊन बसायची, तो नळीच्या तोंडाशी यायचा, वास घ्यायचा, मागे जायचा. तिने कोळंबी दिली, माकुल दिलं, कुर्लीचा पाय फोडून दिला. रात्री फोनवर आधी माझं जेवण, मग त्याचं. "नाही रे." एकदा तर म्हणाली, "माझ्यावर रागावलाय. मी फार घट्ट धरलं असेल." मी तिला सांगितलं की माशाला तसं काही नसतं, ती "हं" म्हणाली. त्या काळात मेसचं जेवण आवडत नाही म्हणून मी दोनदा न जेवता झोपलो होतो. ते तिला सांगितलं नाही.

२२ डिसेंबर, रविवार, रात्री साडेआठ. मी ताट घेऊन रांगेत उभा होतो, पुढे आठ-दहा जण. फोन आला. मागे बाबांचा आवाज येत होता, "सांग, सांग."

आई म्हणाली, "खाल्लंन."

"काय?"

"कोळंबी. अर्धी. शेपूट टाकलंन." मग जरा थांबून म्हणाली, "तू जेवलास?"

मी म्हटलं, "रांगेत आहे."